रूळ सरकारचे, गाडी कुणाचीही? ब्रिटनमध्ये खासगी कंपन्यांच्या नव्या रेल्वेगाड्या नेमक्या अडल्या कुठे

रायन रेनॉल्ड्स म्हटलं की आपल्याला डेडपूल आठवतो. वेल्समधल्या रेक्सहॅमच्या लोकांना मात्र तो आठवतो फुटबॉल क्लबचा मालक म्हणून. २०२१ मध्ये त्याने आणि रॉब मॅकएल्हेनी या अभिनेत्याने मिळून इथला डबघाईला आलेला क्लब विकत घेतला, त्यावर मालिका निघाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये या क्लबने सलग तिसऱ्यांदा वरच्या श्रेणीत उडी मारली. आता वर फक्त प्रीमियर लीग उरली आहे. गावाला २०२२ मध्ये शहराचा दर्जाही मिळाला. जगभरातले चाहते इथे येऊ लागले.

येतात कसे, हा मात्र प्रश्नच आहे. कारण लंडनहून रेक्सहॅमला थेट येणारी गाडी नावापुरती आहे. बहुतेक वेळा मधे कुठेतरी उतरायचं, प्लॅटफॉर्म बदलायचा, पुढची गाडी पकडायची.

अशा वेळी काही लोक पुढे आले आणि म्हणाले, आम्ही चालवतो. रेक्सहॅमहून श्रूजबरी, टेलफर्ड असं करत थेट लंडनच्या यूस्टन स्टेशनपर्यंत. दिवसाला पाच गाड्या जाताना, पाच येताना. गाड्या आमच्या, माणसं आमची, तोटा झाला तर तोही आमचा. सरकारकडून एक पैसा नको. फक्त तुमच्या रुळांवरून जाऊ द्या.

३ जुलै २०२५ रोजी उत्तर आलं: नाही. त्याच दिवशी आणखी दोन बड्या कंपन्यांनाही तेच उत्तर मिळालं.

फुकटात गाडी मिळत असताना नाही का म्हटलं? आणि हे आपण का वाचायचं? तर पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्याकडेही खासगी गाड्यांची मोठी घोषणा झाली होती. १०९ मार्ग, १५१ गाड्या, त्यात मुंबईचे दोन गट. आठवतंय? त्यातली एकही गाडी धावली नाही. ब्रिटनमध्ये जिथे अडलं आणि आपल्याकडे जिथे अडलं, त्या जागा अगदी वेगळ्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की 'रेल्वेचं खासगीकरण' हा शब्द आपण किती ढोबळपणे वापरतो ते लक्षात येतं.

गाडी वेगळी, रूळ वेगळे

आपल्या डोक्यात रेल्वे म्हणजे एकच वस्तू असते. रूळ, सिग्नल, स्टेशन, डबे, टीसी, लोको पायलट, सगळं भारतीय रेल्वेचं. ब्रिटनमध्येही १९९३ पर्यंत असंच होतं. ब्रिटिश रेल नावाची एक सरकारी संस्था सगळं बघायची. जॉन मेजर यांच्या सरकारने १९९३ मध्ये कायदा करून तिचे तुकडे केले. रूळ आणि सिग्नल एकाकडे, गाड्या चालवणं दुसऱ्याकडे, आणि डब्यांची मालकी तिसऱ्याकडे. रूळ ज्या कंपनीकडे गेले ती काही वर्षांतच बुडीत निघाली आणि २००२ पासून ते नेटवर्क रेल या संस्थेकडे आहेत. ही संस्था आज सरकारीच आहे.

एसटी आणि खासगी ट्रॅव्हल्सचं उदाहरण घ्या. पुणे-मुंबई रस्ता सरकारने बांधला. त्यावरून एसटी जाते, ट्रॅव्हल्सही जातात. ट्रॅव्हल्सवाला टोल भरतो, परमिट काढतो, तिकीट त्याच्या मनाने लावतो. रस्ता त्याचा नसतो. रेल्वेतही असंच करायचं, ही मूळ कल्पना.

पण या उदाहरणात एक गडबड आहे आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच येतात. रस्त्यावर मागची गाडी ओव्हरटेक करू शकते, रुळावर नाही. रस्त्यावर दहा बस एकामागोमाग लागल्या तर फार तर ट्रॅफिक जाम होतो. रुळावर प्रत्येक गाडीला आधीपासून ठरवलेली वेळ आणि जागा लागते. कुठल्या मिनिटाला कुठल्या सिग्नलवरून जाणार, हे महिनोन्महिने आधी कागदावर यावं लागतं. रेल्वेवाले याला 'पाथ' म्हणतात. नवी गाडी म्हणजे नवा पाथ. आणि ज्या मार्गावर पाथच शिल्लक नाही, तिथे तुमच्याकडे कितीही पैसे असले तरी उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये बहुतेक गाड्या ठेक्यावर होत्या. सरकार म्हणायचं, या भागातल्या गाड्या अमुक वर्षं तू चालव, इतक्या फेऱ्या झाल्याच पाहिजेत, तोट्यातल्या मार्गाला आम्ही पैसे देऊ आणि फायद्यातल्या मार्गावर तू आम्हाला द्यायचे. या व्यवस्थेच्या बाजूला कायद्याने एक छोटं दार उघडं ठेवलं होतं. ठेका नसलेली कंपनीही स्वतःच्या जोखमीवर गाडी चालवण्याची परवानगी मागू शकते. या पद्धतीला तिकडे 'ओपन ॲक्सेस' म्हणतात. अनुदान नाही, फेऱ्यांची सक्ती नाही, नुकसानीची भरपाई नाही.

या दारातून पहिली आत आली हल ट्रेन्स, सप्टेंबर २००० मध्ये. हल हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. मोठं शहर, पण मुख्य मार्गापासून बाजूला पडलेलं. लंडनला थेट गाडी जेमतेम होती. पाठोपाठ २००७ मध्ये ग्रँड सेंट्रल आली, संडरलंडहून. तिथून तर लंडनला थेट गाडीच नव्हती. ज्या गावांकडे मोठ्या कंपन्या ढुंकून बघत नव्हत्या, तिथल्या लोकांसाठी या छोट्या कंपन्या देवासारख्या धावून आल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली लुमो जरा वेगळ्या जातीची. ती लंडन-एडिनबर्ग या बड्या मार्गावर उतरली. सगळ्या गाड्या विजेवर, फर्स्ट क्लास नाहीच, आणि निशाणा सरळ विमानाच्या प्रवाशांवर. स्वस्त विमान कंपनीचं गणित तिने रुळावर आणलं म्हणा ना.

अनुदान नाही याचा अर्थ काय हे कोरोनात कळलं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये प्रवासी गायब झाले. ठेक्यावरच्या कंपन्यांचा तोटा सरकारने उचलला. हल ट्रेन्स आणि ग्रँड सेंट्रल यांना तसं कुणी नव्हतं. त्यांनी गाड्या सरळ उभ्या केल्या.

परवानगी देतो कोण?

इथे ब्रिटनच्या व्यवस्थेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. परवानगी मंत्री देत नाही. ऑफिस ऑफ रेल अँड रोड नावाची स्वतंत्र नियामक संस्था देते. आपल्याकडे टेलिकॉममध्ये ट्राय आहे तशी. अर्ज आला की ती मुख्यतः दोन गोष्टी बघते.

एक, रुळांवर जागा आहे का, आणि ही गाडी घुसवली तर बाकीच्या गाड्या वेळेवर धावतील का.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. ही कंपनी नवीन प्रवासी आणणार आहे की दुसऱ्यांचेच पळवणार आहे? समजा नव्या गाडीने १३० पाउंड कमावले. त्यातले १०० पाउंड अशा प्रवाशांचे, जे नाहीतर आधीच्या कंपनीच्या गाडीने गेलेच असते. उरलेले ३० पाउंड अशांचे, जे नाहीतर कार काढून गेले असते किंवा घरीच बसले असते. नियामकाची ढोबळ कसोटी अशी की पळवलेल्या प्रत्येक पाउंडामागे निदान ३० पेन्स तरी नवीन आले पाहिजेत. म्हणजे १३० पाउंडवाली आपली ही गाडी काठावर पास.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला मोजायचं? स्पर्धा आहे, ज्याची गाडी चांगली तिकडे लोक जातील. पण समोरच्या कंपनीच्या तिजोरीत पडणारा पैसा शेवटी सरकारी तिजोरीशी जोडलेला आहे. लंडन-एडिनबर्गसारख्या मार्गावर जी कमाई होते, तिच्यातून कुठल्या तरी खेड्यातली रिकामी धावणारी गाडी तगते. आपल्या एसटीसारखंच. ट्रॅव्हल्सवाले पुणे-मुंबईसारख्या भरगच्च मार्गांवर उतरतात, गडचिरोलीतल्या मुक्कामी गाडीच्या मार्गावर त्यांच्यापैकी कुणी स्पर्धा करायला येत नाही.

आणि काही वेळा नियमांतल्या फटीतूनही पैसा निघतो. ब्रिटनमध्ये काही तिकिटं अशी असतात की त्यावर त्या मार्गावरच्या कुठल्याही कंपनीच्या गाडीत बसता येतं. मग त्या तिकिटाचे पैसे वाटायचे कसे? प्रत्येक डब्यात कोण बसलं हे कोण मोजणार? म्हणून संगणकावरचं एक सूत्र वेळापत्रक बघून वाटे पाडतं. आता तुमच्या लक्षात आलं असेलच. दुसऱ्याच्या गाडीच्या जरा आधी आपली गाडी सोडायची, ती अर्धी रिकामी गेली तरी सूत्र आपला वाटा देणारच. रेल्वेवर्तुळात या प्रकाराला चक्क 'दरोडा' असं नाव पडलेलं आहे. म्हणून ती तीस पेन्सची कसोटी.

मग रेक्सहॅमला नाही का म्हटलं?

जुलै २०२५ च्या निर्णयात तीन अर्जदार होते. रेक्सहॅमवाल्या प्रस्तावामागे अल्स्टॉम होती. रेल्वेचे डबे बनवणारी ही फ्रेंच कंपनी आपल्याला परकी नाही, मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनच्या गाड्या तिनेच बनवल्या आहेत. दुसरा अर्ज रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिनचा. १९९७ ते २०१९ अशी बावीस वर्षं व्हर्जिनने याच पश्चिम मार्गाचा ठेका सांभाळला होता, ठेका गेला, आता ते मागच्या दाराने परत येऊ बघत होते. तिसरा फर्स्ट ग्रुपचा, लंडन ते रॉचडेल. हल ट्रेन्स आणि लुमो याच ग्रुपच्या.

तिघांनाही यूस्टनहून निघणारा पश्चिमेचा मुख्य मार्ग हवा होता. आणि नियामकाने तिघांनाही सांगितलं की या मार्गाच्या दक्षिण टोकाला, म्हणजे लंडनच्या बाजूला, जागा नाही. कुणी किती प्रवासी पळवणार हा वाद तिथे निर्णायक ठरलाच नाही.

हे समजायला कल्याण-सीएसएमटी पट्टा डोळ्यांपुढे आणा. कर्जत-कसाऱ्याच्या लोकल, नाशिक आणि पुण्याकडून येणाऱ्या मेल-एक्स्प्रेस, आणि मधेच एखादी मालगाडी. कागदावर बघितलं तर दोन गाड्यांच्या मधे चार-पाच मिनिटांची फट दिसेल. पण ती फट रिकामी नसते. एक गाडी तीन मिनिटं लेट झाली तर तो उशीर पोटात घ्यायला ती ठेवलेली असते. तिच्यात नवी गाडी कोंबली की बदलापूरला झालेला उशीर दादरपर्यंत दहा गाड्यांना लागतो. रोज हे भोगणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

यूस्टनच्या मार्गावरही असंच आहे. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, उपनगरी गाड्या आणि देशातल्या सगळ्यात व्यस्त मालगाड्यांपैकी कित्येक, सगळ्या याच पट्ट्यात. हा भार हलका करायलाच हाय स्पीड टू नावाचा नवा वेगवान मार्ग लंडनहून उत्तरेकडे बांधायला घेतला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या पुढचा टप्पाच रद्द केला. वेगवान गाड्या त्या नव्या रुळांवर गेल्या असत्या तर जुन्या मार्गावर किती पाथ मोकळे झाले असते! रेक्सहॅमची गाडी मंजूर झालीच असती असं मी म्हणणार नाही, पण 'जागा नाही' हे उत्तर आकाशातून पडलेलं नाही, एवढं नक्की. जागा न बनवण्याचा निर्णय आधी कुणीतरी घेतलेला असतो.

मला या प्रकरणात नियामकाचा निर्णय चुकीचा वाटत नाही. रोज ये-जा करणाऱ्या हजारोंच्या गाड्या लेट करून पाच नव्या गाड्या सोडणं हा काही शहाणपणा नव्हे. तरी रेक्सहॅमच्या लोकांचं दुखणं खरं आहे. कारण हे त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा झालं.

पहिली गोष्ट २००८ ची. रेक्सहॅम अँड श्रॉपशर नावाची एक छोटी कंपनी आली होती. गाडीत खरोखरचं स्वयंपाकघर, बशीत वाढलेला गरम नाश्ता, हसतमुख कर्मचारी. प्रवाशांच्या समाधानाच्या पाहण्यांत ती देशात वरच्या नंबरात असायची. पण आधीच्या ठेकेदाराला संरक्षण देणाऱ्या अटी इतक्या कडक होत्या की वाटेतल्या बर्मिंगहॅमसारख्या बड्या शहरात तिला प्रवासीच घेता येत नव्हते. लंडनमधलं मोक्याचं यूस्टन मिळालं नाही, बाजूच्या मेरिलबोनला जावं लागलं. प्रवासाला चार तासांहून जास्त वेळ लागायचा. जानेवारी २०११ मध्ये कंपनी बंद पडली. लोकांना गाडी आवडत होती, आणि नुसत्या तेवढ्यावर रेल्वे चालत नाही.

त्यात आता सरकारच परत येतंय

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. पण ब्रिटनमध्ये सध्या उलटा प्रवास सुरू आहे. २०२४ मध्ये आलेल्या लेबर सरकारने कायदा केला की ठेके संपत जातील तशा सगळ्या कंपन्या सरकारच्या ताब्यात घ्यायच्या. २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न रेल्वे पहिली सरकारी झाली, मग जुलैत सीटूसी, ऑक्टोबरमध्ये ग्रेटर अँग्लिया. रूळ आणि गाड्या पुन्हा एका छताखाली आणणारी ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही संस्था उभी करायचं विधेयक नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलं गेलं.

ओपन ॲक्सेसवाल्या कंपन्या या राष्ट्रीयीकरणात येत नाहीत, कारण त्यांच्याकडे ठेका नाहीच. त्यामुळे गंमत अशी झाली की ठेकेदार कंपन्यांना जे एक दार उरलं ते हेच. फर्स्ट ग्रुपचे ठेके जाणार म्हटल्यावर त्यांनी इकडे जोर लावला. लंडन-स्टर्लिंग आणि लंडन-कार्मार्थन या दोन मार्गांची परवानगी ग्रँड युनियन नावाच्या एका छोट्या कंपनीने वर्षानुवर्षं खपून मिळवली होती. फर्स्टने २०२४ मध्ये ते दोन्ही प्रस्तावच विकत घेऊन टाकले. शिवाय हिताचीच्या नव्या गाड्यांची ऑर्डर दिली. मंजूर पाथ हीच केवढी मोठी मालमत्ता आहे, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

सरकारला हे आवडलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये वाहतूकमंत्री हायडी अलेक्झांडर यांनी नियामकाला पत्र लिहून कळवलं की नव्या प्रस्तावांमुळे करदात्यांवर पडणारा बोजा नीट लक्षात घ्या. सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. रूळ जनतेच्या पैशावर टिकतात. ओपन ॲक्सेसवाले मुख्यतः आपल्या गाडीमुळे रुळांची जी झीज होते तिचा खर्च देतात. नव्यांकडून काही मार्गांवर जादा आकारही घेतला जातो, पण जाळं उभं ठेवण्याच्या एकूण खर्चाच्या मानाने त्यांचा वाटा कमीच.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे. नव्या विधेयकानुसार रूळ कुणाला द्यायचे हे ग्रेट ब्रिटिश रेल्वेजच ठरवणार. जी संस्था स्वतः गाड्या चालवणार, तीच स्पर्धकाला पाथ द्यायचा की नाही हेही ठरवणार. नियामकाकडे मुख्यतः दाद मागण्यापुरतं काम उरणार. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट ज्याची असते तोच अंपायर होतो, तसं काहीसं.

इटलीतलं कुंपण

अंपायर कोण, हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे समजायला रोमला जावं लागेल.

२८ एप्रिल २०१२ ला इटलीत इटालो नावाची खासगी हायस्पीड गाडी सुरू झाली. नवी कोरी गर्द लाल गाडी. समोर प्रतिस्पर्धी सरकारी ट्रेनइटालिया. आणि रूळ सांभाळणारी कंपनी त्याच सरकारी समूहातली. रोमच्या ऑस्तिएन्से स्टेशनवर इटालोने प्रवाशांसाठी आपलं चकाचक स्वागत केंद्र उभं केलं, फलाटाला अगदी लागून. तर एके दिवशी केंद्र आणि फलाट यांच्यामध्ये लोखंडी कुंपण उभं राहिलं. समोर गाडी दिसतेय, पण तिथपर्यंत जायला बॅगा ओढत वळसा घालायचा. रूळवाल्या कंपनीचं म्हणणं होतं की कुंपण सुरक्षेसाठी आहे. इटालोवाल्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. प्रकरण गाजलं, तक्रारी झाल्या.

इटालो पुढे काही वर्षं बुडता बुडता वाचली. नियामकाने रुळांचं भाडं कमी केल्यावर तिला श्वास घेता आला. २०१८ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक फंडाने ती सुमारे दोन अब्ज युरोंना विकत घेतली. आज मिलान-रोम मार्गावर दोन कंपन्यांच्या गाड्या एकमेकींच्या मागे धावतात आणि विमान कंपन्यांची त्या मार्गावर पार वाताहत झाली आहे. स्पेननेही २०२१ पासून माद्रिद-बार्सिलोना मार्गावर फ्रेंच आणि इटालियन भांडवलाच्या कंपन्यांना उतरवलं, तिकिटं स्वस्त झाली, आणि आता तिथले वाहतूकमंत्री ऑस्कर पुएंते फ्रेंच कंपनी मुद्दाम तोट्यात तिकिटं विकते म्हणून ओरडत असतात. प्रवासी मात्र खूश.

कधी अडसर कुंपणाचा असतो, कधी गॅरेजचा. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून १९९४ पासून प्रवासी गाड्या फक्त युरोस्टारच्या धावतात. बोगद्यात जागा आहे, लंडनच्या स्टेशनात थोडीफार जागा निघेल, पण रात्री गाडी धुवायची, तपासायची कुठे? त्या प्रकारच्या मोठ्या गाड्यांसाठी लंडनमध्ये एकच डेपो आहे, टेंपल मिल्स, आणि तो युरोस्टारच्या हातात. ३० ऑक्टोबर २०२५ ला नियामकाने सांगितलं की डेपोत एका नव्या कंपनीपुरती जागा आहे. चौघांनी मागितली होती, मिळाली व्हर्जिनला. २०३० मध्ये लंडनहून पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅमला गाड्या सोडायचा त्यांचा बेत आहे. बाकी तिघांचे प्रस्ताव एका यार्डापायी अडले.

आणि आपल्याकडे?

१ जुलै २०२० ला, ऐन लॉकडाऊनच्या दिवसांत, रेल्वे मंत्रालयाने खासगी गाड्यांसाठी अर्ज मागवले. १०९ मार्ग, १२ गट, १५१ आधुनिक गाड्या, सुमारे ३० हजार कोटींची गुंतवणूक, ३५ वर्षांचा करार. निदान सोळा डब्यांची गाडी, ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग. तिकीट किती लावायचं याची कंपनीला मोकळीक. आधी उत्साह बरा होता, १५ कंपन्यांनी मिळून १२० अर्ज केले. पण प्रत्यक्ष बोली उघडली जुलै २०२१ मध्ये, तेव्हा बारापैकी फक्त तीन गटांना बोली आली होती. मुंबईचा दुसरा गट आणि दिल्लीचे दोन. बोली लावणारे होते दोघे. एक मेघा इंजिनिअरिंग आणि दुसरी आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी! पुढे सगळी प्रक्रियाच गुंडाळली गेली.

ब्रिटनमध्ये कंपन्या रांग लावून उभ्या होत्या आणि त्यांना रूळ मिळत नव्हते. आपल्याकडे रूळ द्यायची तयारी दाखवली आणि घ्यायला कुणी आलं नाही.

अटी वाचल्या की कारण कळतं. कंपनीने रुळांचं ठरलेलं भाडं द्यायचं, विजेचे पैसे द्यायचे, आणि वर एकूण उत्पन्नातला वाटाही द्यायचा. लोको पायलट आणि गार्ड रेल्वेचे, रूळ रेल्वेचे, सिग्नल रेल्वेचा. गाडी लेट झाली तर दोष कुणाचा, हे ठरवायला वेगळा नियामक नाही. रेल्वे विकास प्राधिकरण स्थापन करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्येच मंजुरी दिली होती, पण खासगी गाड्यांच्या बोली लागेपर्यंत ते कागदावरच होतं. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करायची, तक्रारही त्याच्याकडेच करायची. पस्तीस वर्षांचे पैसे गुंतवणारा माणूस इथेच थबकतो.

आणि समोर तिकीट किती? रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितलं की प्रत्येक प्रवाशाला तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत मिळते. शंभर रुपयांची सेवा आपण ५४ रुपयांना घेतो. उरलेलं मालवाहतुकीतून आणि इतर ठिकाणांहून भागवलं जातं. खासगी कंपनीकडे कोळशाच्या मालगाड्या नाहीत. तिने पूर्ण पैसे लावले तर स्लीपरचा प्रवासी जाणार नाही, आणि जो पूर्ण पैसे देऊ शकतो तो तोवर विमानाकडे गेलेला असतो. सरकारने मग हा नाद सोडला आणि आपल्याच वंदे भारत गाड्या वाढवल्या.

बरेच जण 'तेजस' ही खासगी गाडी समजतात. २०१९ मध्ये लखनौ-दिल्ली आणि जानेवारी २०२० मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर सुरू झालेल्या त्या दोन तेजस चालवायला दिल्या त्या आयआरसीटीसीला, आणि ही कंपनी सरकारच्याच नियंत्रणाखाली आहे. एक गोष्ट मात्र तिथे नवी होती. गाडी तासाहून जास्त लेट झाली तर १०० रुपये, दोन तासांहून जास्त झाली तर २५० रुपये भरपाई. रक्कम किरकोळ आहे, पण उशिराची किंमत रेल्वेच्या कागदावर लिहिली गेली हे काही कमी नाही.

खरोखर खासगी हातात गेलेली गाडी बघायची तर ती महाराष्ट्रातच आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भारत गौरव योजनेखाली खासगी कंपनीने चालवलेली पहिली गाडी १४ जून २०२२ ला कोइम्बतूरहून निघाली, थेट साईनगर शिर्डीला. डबे रेल्वेकडून भाड्याने घेतलेले, गाडीतली व्यवस्था आणि पर्यटनाचं पॅकेज खासगी कंपनीचं. रोजच्या गाडीशी तिची टक्कर नाही, वेळापत्रकात तिला कायमची जागा नाही, त्यामुळे भांडणाचं कारणही नाही. ओपन ॲक्सेस म्हणतात ते हे नव्हे. सगळी गाडी बुक करून देवाला जायची आपली जुनीच पद्धत जरा नव्या नावाने.

तिकडे ब्रिटनमध्ये लुमोची लंडन-एडिनबर्ग गाडी आता ग्लासगोपर्यंत वाढवली आहे. कार्मार्थनची गाडी डिसेंबर २०२७ मध्ये सुरू करायचं ठरलं आहे. आणि शनिवारच्या मॅचला लंडनहून रेक्सहॅमला निघालेले चाहते अजूनही मधल्या एखाद्या स्टेशनवर उतरून बोर्डाकडे बघत उभे असतात, पुढची गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते शोधत.